नोकरी मालकांची, हात तुझे

परवा रात्री तू पाठवलेला फोटो मी अजून उघडून बघतेय. डावीकडे स्टँडला लावलेले छापील कागद, उजवीकडे पेजमेकरची ती ओळखीची करडी चौकट, आणि खाली तुझी एवढीच ओळ : "ताई, लेखकांनी गोष्ट मोबाइलवर टाइप करून पाठवली होती. मालकांनी प्रिंट काढायला लावली. आता तीच चौदा पानं मी पुन्हा टाइप करतेय."

अगं, वाचून गलबलून आलं मला. पाठोपाठ तुझा फोन. "आठ वर्षं झाली इथे. बरोबरच्या मुली कुठल्या कुठे गेल्या. मालकांना नवीन काही सांगायला जावं तर म्हणतात, चाललंय ना सगळं व्यवस्थित? मी इथेच गंजून जाणार का गं? सोडू का नोकरी?" तुझा आवाज असा आला की घाईघाईत दोन वाक्यं बोलून फोन ठेवणं मला बरं वाटेना. म्हणून आज सगळी कामं आवरून निवांत लिहायला बसलेय.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. उद्या जाऊन राजीनामा देऊ नकोस. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यासारखं होईल ते. पण मालक शिकू देत नाहीत म्हणून हातावर हात ठेवूनही बसू नकोस. या दोन्हींच्या मधून एक वाट जाते. मी ती चाललेय, म्हणून हक्काने सांगते.

दुकानात कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं ते मालक ठरवणार. मशीन त्यांचं, पैसा त्यांचा, जोखीमही त्यांची. पण तुझ्या बोटांना काय यावं, हे त्यांनी कधी ठरवलं होतं? टायपिंगच्या क्लासची फी तू शिकवण्या घेऊन भरली होतीस, मला आठवतंय. तेव्हा कुणाला विचारलं नव्हतंस. मग पुढचं शिकायला परवानगी कशाला हवी? घोडं पेंड खातं ते इथेच. आठ-आठ तास एकाच साधनावर काम केलं की हळूहळू वाटायला लागतं, दुकानात जेवढं आहे तेवढंच आपल्याला येतं आणि तेवढंच येऊ शकतं. नोकरी मालकांची असते, हात आपले असतात. हे एवढं मनाशी पक्कं झालं की निम्मी तगमग थांबेल तुझी.

निम्मीच म्हणते, कारण उरलेली निम्मी खरी आहे. पेजमेकर आला १९८५ मध्ये. तो काढणारी आल्डस कंपनी १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने घेतली, आणि २००१ मधल्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आलीच नाही. तू प्राथमिक शाळेत होतीस तेव्हा. आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मला सॉफ्टवेअरपेक्षा काळजी वाटते ती याची.

जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात मराठी नसतं. कृतिदेवचं उदाहरण घे. त्यात 'मराठी' शब्द उमटवलास की डोळ्यांना दिसतं म, रा, ठी. आत मात्र साठतात इंग्रजीतली पाच अक्षरं : ई, जे, के, बी, एच. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघड, ती पाच अक्षरं तशीच उघडी पडतात. युनिकोडमध्ये म हा म म्हणूनच साठतो, मग यंत्र कुठलंही असो. देवनागरीला त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे.

हे नुसतं तांत्रिक नाही गं. तू जीव ओतून लावलेल्या पुस्तकाची पीडीएफ उघडून कुणी त्यात 'शेतकरी' शब्द शोधला, तर एकदाही सापडणार नाही. माझ्या ओळखीची एक अंध विद्यार्थिनी संगणकाकडून पुस्तकं वाचून घेते. जुन्या फाँटमधला एक धडा तिने माझ्यासमोर लावला होता. यंत्र अर्थहीन इंग्रजी अक्षरं बडबडत राहिलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "ताई, हे पुस्तक माझ्यासाठी कोरं आहे." तो धडा मी लावलेला नव्हता, पण लावलेला असू शकला असता. तेव्हापासून युनिकोड हा माझ्यासाठी पगाराचा प्रश्न राहिला नाही. वाचणाऱ्यापर्यंत आपलं काम पोचतं की नाही, हा तो प्रश्न आहे.

आणि पगाराचंही खरं सांगते, रागावू नकोस. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आणली. तेव्हापासून किती लेखक मोबाइलवर बोलून, बोटाने दुरुस्त करून मजकूर पाठवतात ते तूच बघतेस. नुसतं टाइप करून देण्यावर घर चालवण्याचे दिवस सरत आले. पानाची समज, शुद्धलेखनाची नजर, एका साच्यातून दुसऱ्या साच्यात मजकूर न सांडता नेण्याचं कसब, हे मात्र अजून हवंच आहे, आणि जाणती माणसं कमी आहेत.

आता तुझ्या मोठ्या काकांची, आमच्या अण्णांची गोष्ट सांगते. तू त्यांना उतारवयातच पाहिलंस. पेठेतल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते. समोर उतरत्या मांडलेल्या केस, म्हणजे खिळ्यांच्या पेट्या, त्यांत शेकडो खाने, खान्याखान्यांत खिळे. शिसं, अँटिमनी आणि कथील मिळून ओतलेला एवढासा खिळा, त्याच्या डोक्यावरचं अक्षर उलटं. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक धरायची आणि उजव्या हाताने न बघता खिळा उचलायचा. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा तो खिळ्यावर खिळा बसल्याचा बारीक आवाज ऐकत दारात उभी राहायचे. आजूबाजूला ऑफसेट येत होतं, मजकूर संगणकावर जुळायला लागला होता. मालक म्हणायचे, "खिळ्याची सर कशालाच येणार नाही." अण्णांनी ते मानलं. १९९१ च्या पावसाळ्यात केस रिकाम्या झाल्या आणि खिळे भंगारात किलोवर गेले. अण्णा तेवढी आपली स्टिक मागून घेऊन घरी आले. एक्कावन्न वर्षांचे होते. मालकांनी फसवलं नव्हतं गं, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. पण त्यांच्या वाटण्यावर अण्णांनी आपले हात गहाण टाकले, आणि गहाणवट सुटायची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुला सांगितली नसती. पुढे १९९८ मध्ये मी डीटीपी करायला लागल्यावर प्रुफं घरी आणायचे. एका संध्याकाळी अण्णांनी सह्याद्रीवरच्या लेखाचं पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सह्याद्रीत दर्या कुठून आला? दऱ्या म्हणायचंय ना तुला?" मी दोनदा वाचून ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक त्या एवढ्याशा ऱ मध्ये असतो, आणि तो अण्णांना लांबून दिसायचा. खिळे गेले, नजर गेली नव्हती. त्या नजरेला नवं साधन कुणी वेळेवर दिलं असतं तर? हा प्रश्न मला अजून छळतो, आणि म्हणूनच तुझ्या मागे लागलेय.

इतकं घरात पाहूनही मी स्वतः तीच चूक केली. २००६ मध्ये शेतीवरचं चारशे पानांचं एक पुस्तक लावलं होतं, माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम. तेव्हा मी ज्या दुकानात होते तिथे युनिकोडचं नाव काढलं की, "आपल्याला काय करायचंय?" मीही म्हटलं, काय करायचंय. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं यायला लागली आणि पुढच्या वर्षी त्या पुस्तकाचं ई-बुक करायचं ठरलं. फाइल कन्व्हर्टरमधून काढली तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले, जोडाक्षरं फुटलेली, मधेच चौकोन. दुरुस्त करणार कोण? मला येत नव्हतं. माझं पुस्तक दुसऱ्या मुलीच्या हातात गेलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी एकेचाळीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून संगणकावर मराठीचा कळपाट सुरू केला.

म्हणून तुला म्हणते, तू माझ्यापेक्षा बरीच लवकर जागी झालीस. आणि दुसऱ्याच्या दुकानात राहूनही शिकता येतं. जावजी दादाजी चौधरींचं नाव ऐकलंयस ना, निर्णयसागर छापखान्याचे? लहान वयात ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचं काम करत. दुसऱ्याच्या दुकानातलं हलकं काम करता करता त्यांनी अक्षरं ओतण्याची विद्या बघून बघून उचलली आणि १८६९ मध्ये स्वतःचा निर्णयसागर उभा केला. पुढे सुबक देवनागरी म्हणजे निर्णयसागरचा टाइप, असं लोक म्हणायला लागले. घासायला दिलेल्या खिळ्याकडे ते कसे बघत असतील, याचा विचार कर.

आता कामाचं बोलू. काय शिकायचं आणि कुठल्या क्रमाने.

सगळ्यात आधी इनस्क्रिप्टवर युनिकोड टायपिंग. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की हा कळपाट फुकट मिळतो. डाव्या हाताला स्वरचिन्हं, उजव्या हाताला व्यंजनं, दोन दिवसांत नकाशा डोक्यात बसतो. अवघड आहे ते बोटांची जुनी सवय मोडणं. तू टाइपरायटरच्या पद्धतीने शिकलीस, तिथे 'कि' लिहायला आधी वेलांटी आणि मग क. इथे आपण बोलतो तसं : आधी क, मग वेलांटी. 'सूर्य' लिहिताना तुला य काढून वर रफार ठेवायची सवय. इथे स, दीर्घ ऊकार, र, पाय मोडायची कळ आणि य. रफार आपोआप जागेवर जाऊन बसतो, कारण उच्चारात तो र आधीच येतो. आणि दऱ्यांमधला ऱ हवा असेल तर शिफ्ट दाबून र, मग पायमोड, मग य. पहिले पंधरा दिवस वेग इतका पडेल की रडू येईल. मिनिटाला चाळीस शब्दांवरून मी पंधरावर आले होते. तीन महिन्यांनी पुन्हा चाळिशी गाठली. तोवर वेग मोजू नकोस, चुका मोज.

मग पानं. स्क्रायबस आणि लिब्रेऑफिस फुकट आहेत, घरच्या लॅपटॉपवर टाक. त्यात स्टाइल वापरायची शिस्त लाव. शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, तळटीप, प्रत्येकाची स्टाइल आधी ठरवायची आणि मगच पानाला हात घालायचा. पेजमेकरमध्ये आपण प्रत्येक मथळा हाताने मोठा करतो आणि ठळक करतो, ती सवय पुढे फार अडवते. ई-बुक बनतं तेव्हा यंत्राला मथळा ओळखू येतो तो स्टाइलवरूनच. इनडिझाइन बाहेर सगळीकडे मागतात. त्यात २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची नीट सोय आहे, पण परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसतात. नवखी मुलं तिथेच घाबरून "मराठी चालत नाही" म्हणतात. तू घाबरू नकोस. चाचणीसाठी काही दिवस ते मोफत मिळतं, तेवढ्या दिवसांत काय काय करून बघायचं याची यादी आधी तयार ठेव. चोरून उतरवलेलं सॉफ्टवेअर मात्र घरात आणायचं नाही.

मजकुराची भाषा मराठी आहे हेही सॉफ्टवेअरला सांगायला शीक. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि लिपी ठरवून दिली, त्यात आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे. बऱ्याच चांगल्या फाँटमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी निवडली की आपली येतात. टिरो देवनागरी मराठी नावाचा एक फाँट तर खास मराठीसाठीच आहे, आणि तोही मोफत. तो लावून एक पान छापून बघ. आपल्या लिपीचं पान आपल्या वळणाचं दिसतं तेव्हा मन निवतं गं.

तिसरं, ईपब, म्हणजे ई-बुकची फाइल. एक छोटं पुस्तक बनव आणि मोबाइलवर उघड. अक्षर मोठं कर, छोटं कर, मजकूर कसा वाहतो ते बघ. मग पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर लावून डोळे मिटून ते ऐक. माझ्या ओळखीच्या त्या अंध विद्यार्थिनीला तुझं पुस्तक कोरं लागणार नाही, याची खात्री तुझे कानच देतील.

आणि सराव कशावर करायचा, असं विचारशील तर मराठी विकिस्रोतावर. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं एका बाजूला, यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि तो आपण तपासून दुरुस्त करायचा. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. यंत्र कुठे घसरतं ते तिथे रोज कळतं. घ आणि ध, भ आणि म, अनुस्वार आणि कागदावरचा डाग, यांत ते हमखास चकतं. तुझी आठ वर्षांची प्रूफ वाचायची नजर तिथे उपयोगी पडेल, आणि केलेलं काम तुझ्या खात्यावर सगळ्या जगाला दिसत राहील. उद्या कुणी विचारलं की नवीन काय येतं, तर तोंडाने सांगायची गरज पडणार नाही.

वेळ कुठून आणायचा, हे तू विचारायच्या आधी सांगते. लेकाची व्हॅन सव्वासातला येते ना? त्याआधीची पाऊण तासाची धावपळ तुझी, मान्य. पण आठवड्यातून तीन संध्याकाळी कुकर लावणं जावईबापूंकडे दे. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायला लाजू नकोस. तीन संध्याकाळी चाळीस-चाळीस मिनिटं, म्हणजे आठवड्याला दोन तास. थेंबे थेंबे तळे साचे, हे शाळेत फळ्यावर वाचलं होतं, एकेचाळिसाव्या वर्षी मला ते खरं वाटलं.

आता चार पथ्यं, ती मोडायची नाहीत. दुकानातलं कुठलंही हस्तलिखित सरावासाठी घरी आणायचं नाही. ते लेखकाचं आहे आणि विश्वासाने आलेलं आहे. मालकांच्या वेळेत आणि त्यांच्या मशीनवर आपलं शिक्षण चोरून करायचं नाही. गिऱ्हाइकापाशी "आमच्याकडे सगळं जुनंच आहे हो" असं म्हणायचं नाही. आणि शिकतेय हे लपवायचंही नाही, कुणी विचारलं तर सरळ सांगायचं. स्वच्छ हातांनी शिकलेलं असलं की मालकांसमोर मान ताठ राहते.

मालकांकडेही जरा त्यांच्या बाजूने बघ. पंचवीस वर्षांच्या फाइली जुन्या फाँटमध्ये आहेत, पंचांगं, गाइडं, लग्नपत्रिका, सगळं. त्यांनी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं, आता दरमहा भाडं भरा म्हटलं की पोटात गोळा येणारच. दिवाळी अंकात एक रफार हलला तरी सोळा पानांचा फर्मा पुन्हा छापायची वेळ येते, आणि तो कागद त्यांच्या खिशातून जातो. शिवाय साठीच्या माणसाला, जे आपल्याला येत नाही ते आपल्या दुकानातल्या मुलीला येतं, हे पचवायला वेळ लागतो. त्यांच्या नकारात बरीचशी भीती असते. ती ओळखून बोललीस तर ऐकतील, निदान ऐकण्याची शक्यता वाढेल.

कधी बोलायचं? गणपतीपासून दिवाळीपर्यंत तर अजिबात नाही. तेव्हा दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळी होऊ दे, बिलं वसूल होऊ देत, मग. त्याआधी दोन आठवडे वहीत टिपून ठेव : आयता आलेला मजकूर पुन्हा टाइप करण्यात किती तास गेले आणि त्या टायपिंगमध्ये नव्याने किती चुका शिरल्या. मग वही पुढे ठेवून एवढंच म्हण, "काका, मोबाइलवर आलेला एकच लेख मला थेट घेऊन लावू द्या. चार पानांचा. बिघडला तर रविवारी येऊन जुन्या पद्धतीने करून देईन." सगळं दुकान बदला म्हणू नकोस, एक लेख माग. आणि तुमच्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर असेल तर आवृत्ती कुठली ते बघ. त्यांच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय असते. कदाचित ती पैसे देऊन आधीच घेतलेली असेल आणि कुणी उघडूनच पाहिली नसेल. तसं निघालं तर मालकांना एक पैसा न घालवता पुढे जाता येईल, आणि ते त्यांनीच केलं असं त्यांना वाटलं तर वाटू दे.

तरीही नाही म्हणाले तर? तर "बरं" म्हणायचं आणि पेजमेकरवर बसून ते काम मन लावून करायचं. राग कामावर काढायचा नाही, कारण वाचणाऱ्याने तुझं काही वाईट केलेलं नाही. संध्याकाळचे दोन तास कुणीच काढून घेतलेले नाहीत.

आणि सोडायची वेळ कधी ओळखायची, तेही सांगून ठेवते. पगार मागेपुढे व्हायला लागला, कामं कमी होत चालली, बाहेर शिकतेस म्हणून चारचौघांत टोमणे बसायला लागले, किंवा रविवारी संध्याकाळी सोमवारच्या विचाराने तुझ्या पोटात कळ यायला लागली, तर समज की थांबण्यात राम नाही. पण निघायच्या आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा, भविष्य निधीचं खातं आणि त्यातल्या नोंदी स्वतः तपासलेल्या हव्यात, अनुभवाचं पत्र मालकांच्या सहीने हातात हवं आणि स्वतःच्या कामाचे चार नमुने तयार हवेत : एक छापील पुस्तक, एक ईपब, एक जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर आणि एक अवघड तक्ता. मग निघताना मालकांना नमस्कार करून निघ. पान कसं दिसावं हे त्यांनीच शिकवलंय तुला, आणि ते तुझ्याबरोबर येणार आहे.

मला नवीन दुकान मिळालं ते कळपाट सुरू केल्यावर दीड वर्षाने. पहिल्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या फाइलींचा ढीग पुढे आला आणि नव्या मालकांनी विचारलं, "यातलं वाचवता येईल का काही?" कन्व्हर्टर सगळ्यांनाच चालवता येत होता. पण मोडलेल्या रफाराची मूळ जागा कुठली, हे मला न बघता कळत होतं. त्या दिवशी अण्णांची फार आठवण आली. त्यांची स्टिक माझ्या टेबलावर असते, संगणकाशेजारी. स्क्रू अजून फिरतो.

आजीची पाककृतींची वही तुझ्याकडे आहे ना, ती हळदीचे डाग पडलेली? ती सरावाला घे. ती आपली आहे, कुणाची परवानगी नको. सगळी वही एकदम नको. आज रात्री मराठीचा कळपाट सुरू कर आणि फक्त पहिल्या पानावरचं नाव टाइप करून मला पाठव : खोबऱ्याच्या वड्या. जुन्या सवयीने बोटं अडखळतील, अडखळू देत. तो ऱ नीट बसला की इकडे मला दिसेलच. मी जागी आहे.